तोरसकरांची पहिली रांग

त्या रविवारी सकाळी पावणेआठला मी खालच्या मजल्यावर तोरसकरांकडे गेलो, तेव्हा जयवंत आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर मोबाइल, बँकेचं कार्ड आणि दोन चष्मे. सहा वाजल्यापासून असा बसलाय, असं सुगंधावहिनींनी मला स्वयंपाकघरातून खुणेनेच सांगितलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"मार्तंड, किती वाजले?"

"भिंतीवर घड्याळ आहे ना समोर."

"ते दोन मिनिटं पुढे आहे. खरे किती?"

आठ वाजता प्लॅन उघडणार होता. नाटकाची तिकीटविक्री सुरू झाली, की आमच्या पिढीचे लोक प्लॅन उघडला असंच म्हणतात. प्लॅन म्हणजे नाट्यगृहातल्या सगळ्या खुर्च्यांचा छापील नकाशा. तुम्ही खिडकीशी जायचं, हव्या त्या खुर्चीवर बोट ठेवायचं, आतला माणूस तिच्यावर निळ्या पेन्सिलीने काट मारणार आणि तिकीट फाडून देणार. मुलुंडच्या आमच्या वसंतरंग नाट्यगृहात हा आतला माणूस तीस वर्षं जयवंत तोरसकर होता.

त्याचे वडील लालबागच्या गिरणीत. तोही दोन वर्षं बदली कामगार म्हणून तिथेच लागला होता. मग संप झाला, गिरणीचं दार बंद झालं, आणि कोणाच्या तरी ओळखीने हा मालवणचा पोरगा तिकीटखिडकीत येऊन बसला. नाटकातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण खुर्च्या कळल्या. कुठल्या खुर्चीसमोर खांब येतो, कुठल्या खुर्चीची गादी बसलीय, कुठे पंख्याचा वारा डोक्यात बसतो, हे तो विचारल्याशिवाय सांगायचा. मी त्याचं गिऱ्हाईक. याच सोसायटीत घर घेतलं तेव्हा खालच्या मजल्यावरचा शेजारी कोण, हे कळल्यावर मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं होतं. पण छे! शेजारी म्हणून काडीचा फायदा झाला नाही. रांगेत उभं राहायचं, नंबर आला की बोलायचं. ओळखदेख सगळी खिडकीच्या बाहेर.

हा न्याय त्याने घरालाही लावला. नाटक बघायची हौस वहिनींना फार. पण पडदा वर जायला पाच मिनिटं उरली, की जी खुर्ची कोणी घेतली नाही तिच्यावर वहिनींनी जाऊन बसायचं. तिकिटाचे पैसे जयवंत स्वतःच्या खिशातून भरायचा, पण चांगली जागा आधी बाजूला काढून ठेवणं? नाव काढू नका. म्हणजे वहिनींच्या नशिबी कायम शेवटची रांग. घरी आल्यावर हा विचारायचा, "कसा झाला?" आणि त्या म्हणायच्या, "छान झाला." हे मी दोन-चारदा माझ्या कानांनी ऐकलंय आणि मनात म्हटलंय, दिव्याखाली अंधार तो हाच.

आता वहिनींचा उजवा कान गेलाय. डाव्यात यंत्र आहे, आणि तोही फार दिवस साथ देईलसं डॉक्टरांना वाटत नाही. समोरच्याचं तोंड दिसलं तर ओठांवरून त्यांना बरंचसं कळतं. मागच्या महिन्यात पेपरात जाहिरात आली, की त्यांच्या आवडीचं एक जुनं विनोदी नाटक नव्या संचात येतंय, वसंतरंगला एकच प्रयोग. जाहिरात बघून वहिनी एवढंच म्हणाल्या, "एकदा पुढे बसून बघायचं होतं. तोंडं दिसली असती."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. जयवंत म्हणाला, "पहिली रांग. मधली खुर्ची. माझा शब्द."

शब्द दिला आणि मग कळलं, खिडकीच बंद झालीय. तिकिटं फक्त मोबाइलवर.

त्या अ‍ॅपचं नाव मी इथे घेत नाही, माझा रक्तदाब वाढतो. मी माझं एक तिकीट काढायला बंगळूरच्या लेकीला, ऋताला, सांगून मोकळा झालो होतो. एकच, कारण माझ्या बायकोला, नीलाला, नाटकात झोप येते. जयवंतला म्हटलं, तुझी दोन पण तीच काढेल. तर हा उसळला. "तीस वर्षं मी गावाला तिकिटं दिली, आणि माझी दुसऱ्याने काढायची?"

आठ वाजले. जयवंतने बोट टेकवलं. गोल चक्र फिरलं, फिरलं, आणि अ‍ॅपने त्याला जन्मतारीख विचारली.

"ह्याला कशाला हवी माझी जन्मतारीख?"

"टाक ना पटकन!"

तारीख टाकायला कॅलेंडर उघडलं. चालू महिन्याचं. मागे जायला एक बारीकसा बाण, आणि एका दाबाला एक महिना मागे. जयवंतचा जन्म एकोणीसशे त्रेपन्नचा. तो एकेक महिना मागे जायला लागला. टक, टक, टक. मी मनात हिशेब केला आणि मला घाम फुटला, साडेआठशेच्या वर दाबायचं होतं! ज्या कोणी पोराने हे बनवलंय, त्याला माझ्यासमोर बसवा आणि त्याच्या आजोबांची तारीख टाकायला लावा.

"अरे, कुठलीही टाक!"

"खोटं नाही लिहिणार."

"प्लॅन भरतोय तिकडे, येड्या!"

मी मोबाइल हिसकावला. त्या झटापटीत कुठेतरी अंगठा लागला आणि वर्षांची यादी आपोआप उघडली. कशी, ते आजही मला सांगता येणार नाही. त्रेपन्न साल सापडलं. आठ वाजून चार मिनिटं.

मग किती तिकिटं, दोन. मग अटी मान्य, मान्य. आणि मग एकदाचा प्लॅन उघडला. सगळं नाट्यगृह एका वितीच्या पडद्यावर, खुर्च्या म्हणजे तांदळाच्या कण्या. कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते, तीन मिनिटं, दोन एकोणसाठ, दोन अठ्ठावन्न. जयवंतने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. चौकोन दिसायला लागले, पण रांगांची अक्षरं पडद्याबाहेर गेली. छोटं केलं तर अक्षरं दिसेनात, मोठं केलं तर सापडेनात.

"अक्षरं नकोत मला," तो म्हणाला. "हे थिएटर माझं पाठ आहे." त्याने एका चौकोनावर बोट ठेवलं. ही सीट आता उपलब्ध नाही, असं आलं, आणि अ‍ॅप आम्हाला सरळ पहिल्या पानावर घेऊन गेलं.

"वाट लागली," मी म्हणालो.

"गप रे!"

पुन्हा दोन तिकिटं, पुन्हा अटी, पुन्हा प्लॅन. या वेळी वरचे कितीतरी चौकोन राखाडी झाले होते. जयवंतच्या कपाळावरून घाम चष्म्यावर उतरत होता, पण तो हसला. "बघ, लोक मागून भरतायत. अडाणी लेकाचे! पुढची रांग आख्खी मोकळी." आणि त्याने खालचे, अगदी मधले, दोन चौकोन दाबले. ते हिरवे झाले. मी तेव्हा पडद्याकडे नीट बघितलं असतं तर? पण मी कार्डावरचा नंबर वाचून दाखवत होतो.

"ओटीपी!" जयवंत ओरडला. "सुगंधाच्या फोनवर येणार. पळ!"

मी स्वयंपाकघरात धावलो. वहिनी तव्याशी उभ्या, आंबोळी उलटत. त्यांचा फोन ओट्यावर, त्यांच्या कोपरापाशी चार्जिंगला लावलेला, आणि तो वाजून गेला होता. त्यांना कुठून ऐकू येणार? मी फोन त्यांच्या तोंडासमोर नाचवला. त्यांनी उलथनं ठेवलं, पदराला हात पुसला, बोटाने नक्षी काढून फोन उघडला. मी दारातूनच आकडे ओरडलो. जयवंतने ते एकेक करून दाबले. अकरा सेकंद उरले होते. चक्र फिरलं. आणि पडद्यावर रंगीत फुगे उडाले. अभिनंदन!

"सुगंधा!" तो दारात येऊन, ओठ मोठे करून म्हणाला. "पहिली रांग!"

वहिनी आधी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या, की मी मान वळवली. परक्याने बघायचं नसतं असं काही.

तव्यावरची आंबोळी करपली होती. पुढच्या दोन आम्ही चटणीशी खात होतो तेव्हा मेसेज आला. जयवंतने दुसरा चष्मा लावून तो वाचला आणि घास तोंडातच राहिला. मी फोन घेतला. व्ही अकरा, व्ही बारा. वसंतरंगला व्हीच्या मागे रांग नाही. मागे फक्त भिंत.

जयवंतने प्लॅन परत उघडला. मग त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि हळूच फिरवून उलटा केला, म्हणजे मोबाइलचं डोकं त्याच्या पोटाशी आलं आणि तळ माझ्याकडे.

"माझा प्लॅन असा असायचा," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "गिऱ्हाइकाला सरळ दिसायला हवा ना. म्हणून मला कायम उलटा. स्टेज माझ्या पोटाशी. जी रांग पोटाजवळ, ती पहिली." त्याने मोबाइल परत सरळ केला. स्टेज वर गेलं. पोटाजवळ शेवटची रांग आली.

दिवसाला शेकडो खुर्च्यांवर काट मारत तीस वर्षं प्लॅन उलटा वाचलेला माणूस एका सकाळीत सुलटा कसा होईल? मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. तोवर पुढच्या सगळ्या रांगा राखाडी झाल्या होत्या. रद्द करण्याची सोय त्या अ‍ॅपात नव्हतीच.

संध्याकाळी आम्ही दोघं वसंतरंगला गेलो. जिथे खिडकी होती तिथे काच आहे, आणि काचेमागे प्रियंका नावाची एक मुलगी बसते. तिला तोरसकरकाका ऐकून माहीत होते, ती उठून उभीसुद्धा राहिली.

"काका, मी बदलून दिली असती हो. पण माझ्याकडे प्लॅनच नाही. सगळं त्यांच्याकडे. मला प्रयोगाच्या दिवशी फक्त यादी येते."

"एखादी हातची खुर्ची? ऐनवेळची?"

"तसं काही राहिलंच नाही आता, काका."

ज्याने जन्मात कोणासाठी हातची खुर्ची ठेवली नाही, तो मागत होता. मला ते बघवेना. परत येताना मी म्हटलं, "ऋताने माझं सी सोळा काढलंय. तिसरी रांग. वहिनींना घे."

"तुझ्या तिकिटावर तू बसायचं. नियम आहे."

"खड्ड्यात गेला नियम. मग निदान वहिनींना आज सांग तरी."

"सांगतो."

नाही सांगितलं. अकरा दिवस नाही सांगितलं. मी रोज जिन्यात विचारायचो आणि तो मान हलवायचा. तिकडे वहिनींनी माहेरच्या माणसांना फोन करून सांगितलं, शेजारच्या शकुताईंना सांगितलं, पहिल्या रांगेत बसायचं म्हणून जांभळी साडी इस्त्रीला दिली. कानाच्या यंत्राला नवी बॅटरी आणली आणि ती त्या दिवसापर्यंत घालायची नाही म्हणून पाकिटातच ठेवली. हे सगळं जयवंत बघत होता. त्याला झोप येत नव्हती, हे त्याच्या डोळ्यांखाली दिसत होतं. मी रागावलो त्याच्यावर. अरे, बायकोला घाबरतोस? तर म्हणाला, "तिला नाही रे. तिच्या चेहऱ्याला."

प्रयोगाच्या दुपारी आम्ही तिघं रिक्षाने गेलो. वहिनी मध्ये. वाटेत त्या एकदाच बोलल्या, "वेळेत पोचू ना?" जयवंतने मान डोलावली. मी मनात म्हणालो, सांग. आता तरी सांग. रिक्षा थांबली.

आत गेलो तर गर्दीचा कलकलाट. दाराशी अनंत, वसंतरंगचा जुना डोअरकीपर. त्याने मोबाइलवरचं तिकीट बघितलं, जयवंतकडे बघितलं आणि मागच्या दाराकडे हात केला. पण वहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या पदर खांद्यावर घेऊन मधल्या वाटेने खाली चालायला लागल्यासुद्धा होत्या. सरळ पहिल्या रांगेकडे.

"सुगंधा!"

त्यांना ऐकू गेलं नाही.

"गो, थांब!" जयवंत मागे धावला. सहाव्या-सातव्या रांगेपाशी त्याने त्यांचा दंड धरला. त्या वळल्या. त्याने काहीतरी पुटपुटलं. इतक्या आवाजात त्या पुटपुटण्याचं काय होणार? वहिनींनी मान वाकडी केली. तो पुन्हा बोलला. त्या म्हणाल्या, "काय?" आणि मग जयवंत तोरसकर, जन्मभर खिडकीमागून हळू बोलणारा माणूस, भर नाट्यगृहात ओरडला. "चुकला माझा! मागची घेतली! शेवटची रांग आहे!"

आजूबाजूचं बोलणं थांबलं. माणसं वळून बघायला लागली. वहिनी त्याच्या ओठांकडे बघत होत्या, मग डोळ्यांकडे.

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

मी पुढे झालो आणि माझं तिकीट काढलं. ऋताने कागदावर छापून पाठवलं होतं, म्हाताऱ्याला बरं म्हणून. वहिनींनी ते माझ्या हातातून घेतलं आणि वाचलं. "तिसरी ना, भावोजी?"

"तिसरीच. मधली खुर्ची."

त्या जयवंतकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही जावा मागे," म्हणाल्या आणि एकट्या खाली चालत गेल्या.

आम्ही दोघं व्ही रांगेत जाऊन बसलो. डोक्यावर बाल्कनीचं छत, इतकं खाली, की उभं राहिलं तर हात लागेल. पाठीमागच्या भिंतीतून एसीच्या मशीनची घरघर. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, एक नट आला, काहीतरी म्हणाला, आणि पुढचे दोनशे लोक खो खो हसले.

"काय म्हणाला?" जयवंतने विचारलं.

"मलाही नाही कळलं."

आम्ही दोघं पुढे वाकलो. शब्द यायचे, पण शेपट्या तुटून यायचे. माणसं दिसत होती, तोंडं दिसत नव्हती. पुढे हशा फुटायचा आणि आम्ही दोघं कोणाच्या तरी घरच्या लग्नात चुकून शिरल्यासारखे बसलेले. माझे कान अजून धड आहेत. जयवंतचेही. तो कानामागे तळहात धरून बसला, मग दुसऱ्या कानामागे. मग त्याने हात मांडीवर ठेवले आणि नाटकाकडे बघायचंच सोडलं. तिसऱ्या रांगेतलं एक पांढरं डोकं हशाबरोबर हलत होतं, त्याच्याकडे तो बघत राहिला.

मध्यंतराला तो उठला आणि तडक अनंतकडे गेला.

"अनंत, आज माइक बंद आहेत काय रे?"

"चालू आहेत की, साहेब."

"मग मागे आवाज का नाही?"

अनंत जरा चाचरला. "मागच्या दोन रांगांत पहिल्यापासून असंच आहे, साहेब. वरच्या बाल्कनीने अडतो. लोक येऊन माझ्याशी भांडतात ना." आणि मग खरंच आश्चर्य वाटून म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही?"

कसं माहीत असणार? प्रयोग चालू असताना हा कायम खिडकीत. कुठला पंखा कोणाच्या डोक्यात बसतो ते त्याला माहीत. शेवटच्या रांगेत बसून त्याने नाटक एकदाही बघितलं नव्हतं. दुसरा अंक मीही बघितला नाही. मी जयवंतकडे बघत होतो, आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. तो ते पुसतही नव्हता.

नाटक संपलं. वहिनी गर्दीबरोबर बाहेर आल्या त्या लाल झालेल्या चेहऱ्याने, हसून हसून डोळे ओले. "भावोजी, काय ते हावभाव! पापणी हलली तरी दिसत होती मला." मग जयवंत दिसला आणि त्या थांबल्या.

तो त्यांच्या अगदी समोर उभा राहिला, दिव्याखाली, तोंड दिसेल असा.

"तुका मागे कधी ऐकाक यायचा?"

वहिनींनी त्याच्या ओठांवरून ते पुरतं वाचलं. मग मान हलवली. नाही.

"एकदा पण?"

"नाही."

"मग घरी येऊन छान झाला म्हणायचीस ते?"

"तुम्ही दिवसभर बसून दमलेले असायचात. आणि विचारायचात असे, जसं काही नाटक तुम्हीच केलंय." त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. मला ते जास्त लागलं. जयवंतला किती लागलं असेल, देव जाणे.

बाहेर रिक्षा मिळत नव्हती. माणसं पांगली, समोरच्या पाट्यांवरचे दिवे लागले. शेवटी जयवंतने वहिनींचा खांदा हलवून त्यांना स्वतःकडे वळवलं.

"पुढच्या वेळी दोघं पुढे बसूया."

वहिनींनी कानातलं यंत्र काढलं, नवी बॅटरी जपून पाकिटात घातली आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं.

"मला एकटीला बसवलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पण लवकर बसवा."